मॅक्स, कमीत कमी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक सडक अर्जुनी, ती हमरस्त्यावर. दुसरी आमची, अर्जुनी मोरगाव, ती गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावर. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्हीकडे धान, दोन्हीकडे राईस मिली. त्यात पुण्याकडच्या माणसाला नुसतं "मोरगावचा" म्हणून सांगितलं की तो हात जोडतो आणि मयूरेश्वराचं दर्शन कसं झालं ते विचारतो. वर चिठ्ठी एक आणि आत माल दुसरा, हा प्रकार आम्हाला पाळण्यापासून अंगवळणी पडलेला आहे. त्यामुळे डिसेंबरात मुलीनं कुत्र्यासाठी मागवलेला स्वेटर सडक अर्जुनीला जाऊन बसला आणि मोबाईलवर "पोचला" असा संदेश आला, तेव्हा मला राग आला नाही. पोचला होता. अर्जुनीलाच पोचला होता.

कुत्रा मात्र बरोबर पत्त्यावर आला, कारण तो मुलीनं स्वतः आणला. ती पुण्यात नोकरी करते. कंपनीनं तिला आठ महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि तिनं कुत्र्याला आठ महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. नागपूरहून गाडी करून आली. खांद्याला जाळीची पिशवी. पिशवी हलली, तेव्हा हिनं विचारलं, "डब्यात काय आहे गं?"

"डबा नाही आई, मॅक्स आहे. टी-कप यॉर्की."

पिशवीतून जे निघालं ते आधी मला लोकरीच्या गुंड्यासारखं दिसलं. मग गुंड्याला डोळे आले, मग जीभ आली आणि शेवटी एक आवाज आला, जो इतक्या लहान जागेतून निघणं भौतिकशास्त्राला धरून नव्हतं. सोबत विक्रेत्यानं दिलेला कागद होता. जात : यॉर्कशायर टेरियर. साईझ : टी-कप. वय : ५ महिने. वजन : ९०० ग्रॅम. पूर्ण वाढ झाल्यावर : दीड किलोच्या आत.

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माप दिसलं की एकक विचारायचं, ही माझी खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. मी म्हटलं, "टी-कप म्हणजे केवढा कप?" कारण आमच्या स्टेशनरोडवरचा कागदी कप तीन घोटांत संपतो आणि बोंडगावदेवीच्या माझ्या मेहुण्याकडे ज्या कपात चहा येतो त्यात एक लहान मूल बसून आंघोळ करील. मुलगी म्हणाली, "बाबा, ते नाव आहे, माप नाही." म्हणजे साईझच्या रकान्यात नाव लिहिलं होतं. शाळेत मी अशा उत्तराला शून्य द्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक्सला घेऊन बाहेर पडलो. गल्लीतली पहिली प्रतिक्रिया दूधवाल्याची. त्यानं सायकल थांबवली, खाली वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हे कुत्रंच होय ना जी?"

"हो."

"नाव काय ठेवलं?"

"मॅक्स."

तो माझाच जुना विद्यार्थी. थोडा वेळ हिशेब केल्यासारखं करून म्हणाला, "मॅक्स म्हंजे तं जास्तीत जास्त होते ना जी? मंग हा तं कमीत कमी दिसते." तो सातवीत गणितात नापास झाला होता. तो निकाल मला त्या सकाळी पहिल्यांदा चुकीचा वाटला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाचा एकच प्रश्न होता : हा मोठा कवा होईल? मी सांगायचो, मोठा होणार नाही, असाच राहणार. त्यावर लोक माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत. एका आजीनं तर मोहरी-मीठ ओवाळून दृष्ट काढली आणि वर सांगितलं, "पोटात जंत असतीन, म्हणून वाढत नसन बिचारं." जंताचं औषध द्यायचंच होतं, म्हणून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे बाहेर एक बैल, दोन शेळ्या आणि एक म्हैस अशी रांग होती. मॅक्सनं पिशवीतून तोंड काढून म्हशीवर भुंकून घेतलं. म्हशीनं आवाज कुठून आला ते शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि सोडून दिला. डॉक्टर तरुण, मोठे शांत गृहस्थ. त्यांनी सांगितलं की जंताचं औषध वजनावर देतात, तेव्हा आधी नेमकं वजन हवं. रेबीजची लस मात्र कुत्रा केवढाही असो, सगळ्यांना तेवढीच, एक मिलिलीटर. मला ते फार आवडलं. सरकारी लोकशाहीचा एवढा स्वच्छ नमुना मी मतपेटीनंतर प्रथमच पाहत होतो. पण लस किमान तीन महिन्यांनंतर, असं म्हणून त्यांनी मॅक्सचं तोंड उघडलं, दात पाहिले आणि कागदाकडे पाहिलं.

"गुरुजी, हा पाच महिन्यांचा कोण म्हणालं?"

"कागद."

"कागदाला दात नसतात." त्यांनी समजावलं. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात येतात, आणि पुढचे दात पडून पक्के यायला साधारण तीन-चार महिन्यांपासून सुरुवात होते. पाच महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे दात बदललेले असायला हवेत. याचे सगळे दुधाचेच होते, सुईसारखे. "हा फार तर अडीच-तीन महिन्यांचा आहे. पिल्लू कमी वयाचं विकायचं आणि वय जास्तीचं सांगायचं, म्हणजे ते आपोआप टी-कप होतं."

घरी येईपर्यंत मी मनाशी हसत होतो. मराठीत लहान हा शब्द दोन कामं करतो. लहान म्हणजे मापानं लहान आणि लहान म्हणजे वयानंही लहान. मुलीनं पहिल्या अर्थाचे पैसे मोजले होते आणि माल दुसऱ्या अर्थाचा मिळाला होता.

मग मी रीतसर अभ्यासाला बसलो. ब्रिटनचा केनेल क्लब काय, अमेरिकेचा काय, आपला केनेल क्लब ऑफ इंडिया काय, टी-कप नावाची जात कुणाच्याच यादीत नाही. मायक्रो नाही, पॉकेट नाही, मिनी नाही. यॉर्कशायर टेरियर एकच, आणि त्याचं माप सात पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३.२ किलो. बाकीची सगळी नावं दुकानदारांची. आमच्याकडे धानाच्या व्यवहारात बारीक आणि ठोकळ असे दोन शब्द चालतात, पण ते दाणा तळहातावर घेतल्यावर कुणालाही दिसतात. ठोकळ पोत्यावर बारीक लिहून विकणाऱ्याचं बाजारात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. कुत्र्याच्या बाजारात असे काटेकोर शेतकरी जात नसावेत.

आणि जितका लहान तितका भाव जास्त, हे गणितही उलटं. कारण जितका लहान तितकी दुखणी जास्त. जबडा एवढासा आणि दात बेचाळीसच, म्हणून दातांची दाटी. गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून सोफ्यावरून उडी नको. श्वासनलिका नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा बांधून ओढायचं नाही. छातीभोवतीचा पट्टा हवा. काहींच्या टाळूचं हाड नीट भरून येत नाही. पट्टा घ्यायचा तर त्यावरही एस, एक्सएस, डबल एक्सएस, आणि एका कंपनीचा एक्सएस दुसऱ्या कंपनीच्या एसला मागे टाकतो. शेवटी उपाय साधा निघाला : शिंप्याची टेप घ्यायची, मान मोजायची, पुढच्या पायांमागे छाती जिथे सर्वांत रुंद तिथे मोजायची, मानेच्या तळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ मोजायची, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा सोडायची. अक्षरांकडे बघायचंच नाही.

वजनाचं प्रकरण जास्त अवघड गेलं. घरच्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग मॅक्सला घेऊन उभा राहिलो आणि वजाबाकी केली. पहिल्यांदा मॅक्स दीड किलो भरला, दुसऱ्यांदा उणे दोनशे ग्रॅम. राईस मिलमध्ये ओळखीच्या हमालानं त्याला पोत्यांच्या काट्यावर ठेवलं आणि जाहीर केलं, "मास्तर, याच्यानं काटा हालतच नाही जी." अखेर किराणा दुकानदारानं घमेलं ठेवून शून्य केलं आणि मॅक्सला साबुदाण्यासारखा तोलला. ९४० ग्रॅम. मागच्या गिऱ्हाइकानं विचारलं, काय भाव लावला.

मिलीचा विषय निघालाच आहे, तर हा प्राणी मुळात मिलीतलाच. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आले आणि येताना आपले लहान टेरियर घेऊन आले. गिरण्यांत उंदीर मारणं हे त्यांचं काम. टेरियर हा शब्दच मातीवरून आलेला; जमिनीत घुसून शिकार काढणारा तो टेरियर. १८६५ मध्ये जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा या जातीचा मूळपुरुष मानतात. तो १८७१ मध्ये गाडीखाली सापडून गेला, पण सहा वर्षांत घराणं स्थापून गेला. पुढे हे कामगार कुत्रं बायकांच्या मांडीवर गेलं, केसांना रिबिनी आल्या, आणि गिरणी कामगाराचा वंशज बंगल्यात राहून स्वतःला कोण समजतो हे सगळीकडे सारखंच.

हा इतिहास मी उत्साहानं हिला सांगितला. ती म्हणाली, "मग मागच्या खोलीत धानाच्या कोठीजवळ घूस झाली आहे, तिचं बघा म्हणावं."

घूस पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडची पोसलेली घूस म्हणजे वजनात मॅक्सच्या बरोबरीची आणि अनुभवानं थोर. मी खोलीचं दार लोटलं, मॅक्स आत गेला. घूस पोत्यामागून बाहेर आली. दोघं समोरासमोर थांबले. मला वाटतं त्या क्षणी घुशीच्याही मनात तोच प्रश्न आला, जो दूधवाल्याच्या आला होता. मॅक्स मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या यॉर्कशायरमध्ये पोचला होता. चारी पाय रोवून तो असा भुंकला की भिंतीवरची पाल खाली पडली. एवढ्यात ही झाडू घेऊन आली आणि घूस बिळात गेली. श्रेय मॅक्सनं घेतलं. त्या दिवसापासून तो त्या खोलीसमोर झोपतो आणि बेनच्या वंशाला शोभेल अशा तऱ्हेनं हिच्या वांग्याच्या वाफ्यात खड्डे काढतो.

आपण केवढे आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, हाच खरा धोका. गावातली मोकाट कुत्री, शेजारची पिल्लांची कोंबडी, माकडांचा कळप, सगळ्यांशी तो बरोबरीच्या नात्यानं बोलतो. इकडे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल उशाला. बिबट्याला कुत्रा आवडतो हे पोरंसोरंही जाणतात. संध्याकाळनंतर मी त्याला अंगणातही सोडत नाही. शेजारचे भाऊ म्हणाले, "बिबट याच्यासाठी कायले येईन मास्तर? त्याले हा म्हंजे जेवणानंतरची बडीशेप." बडीशेपही लोक आवडीनं खातात, असं मी म्हटलं आणि कडी घातली.

पण आमची खरी परीक्षा घरातच झाली. मुलीनं बजावलं होतं, दर चार तासांनी थोडं थोडं खायला द्या. मी रात्री दोनचा गजर लावून उठत असे. ही अंधारात म्हणे, "स्वतःच्या दोन लेकरांसाठी कधी उठला नाहीत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी अधिक तत्परतेनं उठू लागलो. संक्रांतीनंतर केशोरीला भाच्याचं लग्न होतं. शेजारच्या मुलाला सांगून गेलो, त्यानं खाणं वाटीत ठेवलं, आणि मॅक्स आमची वाट पाहत दारात बसून राहिला, खाल्लं नाही. परतलो तर तो उभा राहायला गेला आणि कलंडला. डोळे लागलेले, कान गार, अंग ओल्या फडक्यासारखं. हिनं त्याला पदरात घेतलं. मी जर्मनीला फोन लावला आणि तो लागेपर्यंत मुलीनं ठेवून गेलेलं दोन पानी सूचनापत्रक उलटंसुलटं वाचत राहिलो.

साखर उतरली होती. असं का होतं ते मला नंतर लग्नाच्या पंगतीवरून नीट कळलं. भाताचा मोठा गंज चुलीवरून उतरवला तरी तासभर वाफाळत राहतो. तोच भात वाटीत काढला तर वाढपी पुढच्या पानाशी जाईपर्यंत निवतो. लहान अंगाची ऊब भराभर निघून जाते, ती टिकवायला साखर जळते, आणि साठवायला यकृत असतं केवढं? सुपारीएवढं. चार-सहा तास पोट रिकामं राहिलं की मेंदूला पुरेनाशी होते. मुलगी फोनवर ओरडत होती, "मध लावा हिरड्यांना! तोंडात ओतू नका, ठसका लागेल, नुसतं चोळा!" हिनं बोटावर मध घेऊन चोळला, मी गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून धरली. आठ-दहा मिनिटं घरात कुणी बोललं नाही. मग हिच्या बोटाला एक सुईसारखा दात लागला. "चावला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. तसेच उठून डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवसापासून रात्री दोनला ही उठते. मला उठवत नाही.

खाण्याच्या बाबतीत गावाचं प्रेम आवरणं हे वेगळंच काम. कांदा-लसूण नको, चॉकलेट नको, द्राक्षं आणि बेदाणे तर विषच, हे सांगून सांगून मी थकलो. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला एक बेदाणा माणसाला दिसतही नाही, पण किलोभराच्या कुत्र्याला तोही नको. शेवटी मी दारावर पाटी लावली : कुत्र्याला प्रसाद देऊ नये. त्यावरून माझ्या नास्तिकपणाची थोडी चर्चा झाली.

जानेवारीत थंडी वाढली. यॉर्कीच्या अंगावर आतल्या मऊ लोकरीचा थर नसतो. वरचेच रेशमी केस, माणसासारखे वाढत राहणारे. ते कटिंगच्या दुकानात आमच्या नेहमीच्या कारागिरानंच डोळ्यांवरून कापून दिले. आधी सवयीनं त्यानं मॅक्सला विचारलं, मिडियम ठेवू की शॉर्ट. केसांचं असं मिटलं, पण थंडी वाजायची. आणि स्वेटर सडक अर्जुनीत. मग मी मॅक्सला घेऊन गोठणगावकडे गेलो. तिथे इटियाडोह धरणाच्या परिसरात, प्रतापगडाजवळ, तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोरग्येलिंग, १९७२ पासूनची. हिवाळ्यात तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. घरी राहिलेल्या एक आजी उन्हात विणत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीत पाहिलं. हे कुत्रंच का, असं न विचारणारं तालुक्यातलं ते पहिलं माणूस. "अप्सो?" त्यांनी विचारलं. ल्हासा अप्सो ही त्यांच्याकडची मठांमधली लहान, केसाळ राखणदार जात. लहान कुत्र्याचं त्यांना काय नवल. मी म्हटलं, नहीं आजी, इंग्लंड का. त्यांनी "अच्छा" म्हणून इंग्लंडला माफ केलं, मॅक्सच्या पाठीवर हात ठेवला, एक वीत आणि चार बोटं मोजली, छातीभोवती सुतळी फिरवून गाठ मारली. चार दिवसांनी मरून रंगाचा स्वेटर तयार. त्यावर कुठलंही अक्षर नव्हतं. अंगाला असा बसला की मॅक्सनं तो काढू दिला नाही.

दोन महिन्यांत तो तंग झाला. कारण कागदाला न जुमानता मॅक्स वाढत होता. फेब्रुवारीत १.४, मार्चमध्ये १.८, मे महिन्यात, ओल्या गोणपाटावर पंख्याखाली पडून धापा टाकत असताना, २.६ किलो. दुकानदार आता घमेलं न ठेवता तोलतो. व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, "बाबा, हा टी-कप राहिला नाही." आवाजात थोडी निराशा होती, पैसे तिचे होते. मी तिला स्मोकीची गोष्ट सांगितली. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडलेली यॉर्की, चार पौंडांची. बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकानं ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना घेतली. पुढे फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या विमानतळाखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सत्तर फूट लांब नळी, आठ इंच रुंद, आत जागोजाग माती साचलेली. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि ती पलीकडून निघाली. नाहीतर धावपट्टी खोदावी लागली असती. मुलीनं विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही. तीही टी-कप नव्हती, युद्धात होती." इकडून ही म्हणाली, फोन ठेवा, त्याची जेवायची वेळ झाली.

जूनमध्ये, धानाचे पऱ्हे टाकायची लगबग सुरू असताना, ते हरवलेलं पार्सल घेऊन पार्सलवाला दारात उभा राहिला. स्वेटर सहा महिने दोन्ही अर्जुन्या पाहून आला होता. डबल एक्सएस, गुलाबी, मागे इंग्रजीत लिटल प्रिन्स. मॅक्सच्या डोक्यातून तो मानेपर्यंतच गेला आणि तिथे अडकला. दोघांनी ओढून काढला. हिनं तो उलटसुलट करून पाहिला, धुतला, वाळवला आणि सकाळी चहाच्या किटलीला घातला. तिला अगदी मापात बसला. तोटी बरोबर बाहीतून बाहेर येते.